माळवदातली वटवाघळं: परभणी जिल्ह्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. माणसांची नावं आणि गल्ली इथे दिलेली नाही. घराची रचना मात्र जशीच्या तशी सांगितली आहे, कारण या प्रकरणाचं मूळ त्या रचनेतच होतं.

घर दोन टप्प्यांत बांधलेलं. पुढच्या दोन खोल्या माळवदाच्या: मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. मागच्या दोन खोल्या नंतर बांधल्या, त्या स्लॅबच्या. जुनी भिंत आणि नवा स्लॅब जिथे भेटतात तिथे पाणी मुरू नये म्हणून अडीच मीटर लांबीचा पत्रा आडवा ठोकलेला. मागे कडुलिंब, चिंच आणि वापरात नसलेला आड. घरात आजी, नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. मुलगा पुढच्या खोलीत आजीजवळ झोपायचा.

जुलैचा पहिला आठवडा होता. दोन-तीन चांगले पाऊस होऊन गेले होते आणि ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या वाळव्यांचा नुसता खच पडत होता. किडे खाणारी वटवाघळं या दिवसांत खिडक्यांच्या अगदी जवळून शिकार करतात. उन्हाळाभर खिडकीत बसवलेला कूलर नुकताच काढला होता आणि ती मोकळी चौकट पुठ्ठा लावून कशीबशी झाकली होती. पुढे आठवडाभर सगळ्यांचा संशय या पुठ्ठ्यावरच होता.

पहिली रात्र

साडेनऊच्या सुमारास मागच्या खोलीत एक लहान वटवाघूळ घिरट्या घालू लागलं. किडे खाणारं, पिपिस्ट्रेल गटातलं: वजन पाच-सहा ग्रॅम, पंख पसरले तर वीतभर. एवढासा जीव खोलीत फिरताना मात्र कबुतराएवढा भासतो.

घरातल्या सुनेने पहिलं काम अचूक केलं. "आवो, आधी पंखा बंद करा!" म्हणत तिने स्वतःच बटण दाबलं. खोलीत शिरलेल्या वटवाघळाला सगळ्यात मोठा धोका छताच्या पंख्याचा असतो. भिंत, दोरी, माणसाचं डोकं हे सगळं त्याला प्रतिध्वनीवरून कळतं, पण फिरतं पातं चुकवणं त्याला जमत नाही. बटण बंद केल्यावरही पातं थांबायला मिनिट-दीड मिनिट लागतं, म्हणून इतर काहीही करण्याआधी पंखा.

त्यापुढचं सगळं चुकलं. घरधन्याने टॉवेल फिरवायला सुरुवात केली. शेजारचे काका मच्छर मारायची बॅट घेऊन आले. मधलं दार उघडंच होतं. खोलीत अडकलेलं वटवाघूळ भिंतीजवळ वर चढतं, मधोमध खाली येतं आणि पुन्हा चढतं. खाली येताना ते अंगावर आल्यासारखं वाटतं आणि माणूस नेमका तेव्हाच टॉवेल मारतो. टॉवेलचा फटका लागला की पंखाची बारीक हाडं मोडतात. नाही लागला, तर ते घाबरून कोपरा शोधतं. इथे ते मधल्या दारातून पुढच्या खोलीत गेलं आणि दिसेनासं झालं. अकरापर्यंत शोधून "गेलं असंल खिडकीतून" असं ठरलं. बाहेर जाताना मात्र कोणीही पाहिलं नव्हतं.

त्या रात्री खरं तर पंधरा-वीस मिनिटांचं काम होतं. मधलं दार लावायचं आणि दाराखालच्या फटीत चादर दाबायची. पडदे वर गुंडाळून बांधायचे, नाहीतर ते त्यांच्यामागे लटकतं आणि सापडत नाही. बाहेर उघडणारी खिडकी पूर्ण उघडायची. सरकत्या खिडकीत अर्धीच बाजू मोकळी होते, आणि मच्छरजाळीची फ्रेम काढली नाही तर तीही बंदच. बाहेर उघडणारं दार असेल तर ते खिडकीहून चांगलं. मग खोलीतला दिवा बंद, ओसरीवरचाही बंद, म्हणजे किडे त्या बाजूला जमणार नाहीत. एकाने दाराजवळच्या भिंतीला टेकून खाली बसायचं आणि मोबाइलची बॅटरी जमिनीकडे धरायची. वटवाघूळ बाहेर गेलेलं डोळ्यांनी पाहायचं, हे त्या माणसाचं काम. बाकी सगळ्यांनी खोलीबाहेर थांबायचं.

आजींचं म्हणणं होतं की हे लक्षण बरं नाही, नारळ ओवाळून टाका. नारळ ओवाळायला कोणाचीच ना नव्हती. अडचण झाली ती धुपाची: बंद खोलीत धूर केल्यावर जनावर फटीत आणखी आत शिरतं आणि सकाळपर्यंत बाहेर येत नाही.

सकाळ

साडेसहाला आई पुढच्या खोलीत आली तेव्हा मुलगा अंथरुणाशेजारी बसलेला होता आणि वटवाघूळ त्याच्या दोन बोटांत होतं. तिने हात झटकायला लावला. वडिलांनी वर्तमानपत्राचा बोळा करून ते उचललं आणि गच्चीवर नेऊन टाकलं.

या पाच मिनिटांत दोन गोष्टी घडल्या. मुलाच्या अंगठ्याच्या मुळाशी एक लालसर रेघ होती. ती आधीची की आत्ताची हे चार वर्षांच्या लेकराला सांगता येईना, आणि आजींनी तिच्यावर हळद दाबली. दुसरं म्हणजे गच्चीवर टाकलेलं वटवाघूळ उन्हात पडून राहिलं आणि कावळे जमले. दमलेलं, अंगातलं पाणी कमी झालेलं लहान वटवाघूळ सपाट जमिनीवरून सहसा उडू शकत नाही. त्याला उंचावरून सुटायला लागतं.

गल्लीतल्या सर्पमित्राला बोलावलं. त्याने वेल्डिंगचे चामडी हातमोजे घातले. भांडी घासायच्या रबरी मोज्यातून दात आरपार जातात, त्यामुळे ते मोजे घालणं न घालण्यासारखंच. बुटाचा रिकामा खोका वटवाघळावर पालथा घातला आणि कॅलेंडरचा जाड पुठ्ठा हळूहळू खालून सरकवला. खोक्यात आधीच जुन्या सुती कापडाचा तुकडा होता, त्याला ते लटकलं. बाटलीच्या झाकणात थोडं पाणी ठेवलं. दूध नाही, केळं नाही. झाकणाला पेनाच्या टोकाने पाच-सहा भोकं पाडून खोका अंधाऱ्या कोपऱ्यात स्टुलावर ठेवला आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, कारण मुंग्या लागलेलं वटवाघूळ संध्याकाळपर्यंत जगत नाही. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा हात लावू नका, संध्याकाळी सोडा, असाच सल्ला मिळाला.

दवाखान्याचा निर्णय

सगळ्या प्रकरणात अवघड निर्णय हाच होता, आणि तो घेताना घरच्यांना एकमेकांविरुद्ध जाणाऱ्या दोन गोष्टी ऐकायला मिळाल्या.

जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं की वटवाघळासाठी रेबीजची लस लागत नाही. त्यांचं म्हणणं निराधार नव्हतं. वटवाघळांमधला रेबीज भारतात निर्णायकपणे सिद्ध झालेला नाही, त्यामुळे वटवाघळाच्या संपर्कानंतर उपचार आवश्यक नाहीत, अशी भूमिका देशाच्या रेबीज प्रतिबंधक मार्गदर्शक सूचनांत घेतलेली आहे. मुलाच्या मावशीने मात्र फोनवर जागतिक आरोग्य संघटनेची वर्गवारी वाचून दाखवली. तिच्यात वटवाघळाशी झालेला थेट संपर्क तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर, वर्गात येतो. शेजारच्या श्रीलंकेत फळं खाणाऱ्या वटवाघळांमध्ये रेबीजच्याच कुळातला एक विषाणू सापडलेला आहे. अमेरिकेतल्या संकेतस्थळांवर तर झोपेत असताना खोलीत वटवाघूळ असलं तरी डॉक्टरांना विचारा असं सांगतात. तिथे वटवाघूळ हाच माणसाच्या रेबीजचा मुख्य स्रोत आहे. आपल्याकडे तो कुत्रा आहे. तिथला सल्ला उचलून इथे जसाच्या तसा लावला, तर माळवदाखाली झोपणाऱ्या अर्ध्या गावाला सुया टोचाव्या लागतील.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनी प्रश्न वेगळ्या प्रकारे विचारला. वटवाघूळ घरात होतं का, हे त्यांनी बाजूला ठेवलं. कोणाच्या कातडीला ते लागलं, जखम आहे का आणि सांगणाऱ्याच्या सांगण्यावर विसंबता येतं का, एवढंच विचारलं. मुलाने ते उघड्या बोटांत धरलं होतं. अंगठ्यावर ओरखडा होता. लहान वटवाघळाचे दात सुईच्या टोकाएवढे असतात, चावल्याची खूण तासाभरात दिसेनाशी होऊ शकते. आणि माहिती देणारा चार वर्षांचा. वटवाघूळ दिवसाउजेडी जमिनीवर, हाताला सापडेल अशा अवस्थेत होतं, हेही त्यांनी लक्षात घेतलं. बहुतेक वेळा याचं कारण थकवा किंवा मार असतं, पण आजारी जनावरही असंच सापडतं. त्यांनी हा तिसऱ्या वर्गाचा संपर्क धरला.

उपचार असे झाले. हळद धुऊन काढून जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुतली. सकाळी आईने धुतली होती, पण मिनिटभर आणि साबणाशिवाय. मग अँटिसेप्टिक. ओरखड्याच्या आत आणि भोवती रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. घोड्याच्या रक्तापासून बनवलेल्या प्रकाराचा कमाल डोस किलोमागे ४० युनिट, म्हणजे १६ किलोच्या मुलाला ६४० युनिटपर्यंत. पण अंगठ्यात तेवढं मावत नाही, त्यामुळे मावेल तेवढंच दिलं. मग कातडीत द्यायची लस, प्रत्येक वेळी दोन जागी ०.१ मिलिलिटर, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. इम्युनोग्लोब्युलिन पहिल्या दिवशी देणं राहिलं, तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंतच देता येतं, त्यानंतर नाही.

वडिलांनी कागदाच्या जाड बोळ्यातून उचललं होतं, कातडीला स्पर्श नाही, त्यांना लस नाही. आजी त्याच खोलीत झोपल्या होत्या, पण त्या हलक्या झोपेच्या, अंगावर काही आल्याचं आठवत नाही आणि कातडी तपासली तेव्हा कुठे खूण नाही. त्यांनाही नाही. आजींच्या बाबतीत दुसऱ्या डॉक्टरने वेगळं ठरवलं असतं तर ते चूक म्हणता आलं नसतं.

आणखी एक गैरसमज तिथे निघाला. "दहा दिवस खोक्यात ठेवून बघू का, मरतंय का?" असं वडिलांनी विचारलं. दहा दिवस नजरेखाली ठेवायचा नियम फक्त कुत्र्या-मांजराला लागू आहे. वटवाघळाला तो लागत नाही, ते जगलं म्हणून डोस थांबवता येत नाहीत. तपासणी करायची तर मेंदूचा नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो, आणि तालुक्याच्या गावातून ते वेळेत होण्यासारखं नव्हतं. म्हणून वटवाघूळ सोडायचं ठरलं. सूर्य मावळल्यावर सर्पमित्राने खोका कडुलिंबाच्या खोडाला डोक्याएवढ्या उंचीवर टेकवून आडवा धरला. पाचेक मिनिटांत ते खोडावर सरकलं, थोडं वर चढलं आणि सुटलं.

दुसरं वटवाघूळ आणि चुकलेला संशय

पहिल्या रात्रीनंतर कूलरच्या चौकटीला प्लायवूड ठोकलं आणि खिडक्यांना जाळी लावली. चौथ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता पुढच्या खोलीत पुन्हा एक वटवाघूळ. खिडक्या बंद होत्या, दारही बंद. म्हणजे ते बाहेरून आलेलं नव्हतं.

गल्लीत तोवर निपाहची, म्हणजे फळाहारी वटवाघळांकडून माणसाला होऊ शकणाऱ्या विषाणूची, चर्चा सुरू झाली होती. केरळमधला २०१८ चा उद्रेक लोकांच्या लक्षात होता. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेत पकडलेल्या वटवाघळांमध्ये निपाहच्या खुणा सापडल्याचा पुण्याच्या एनआयव्हीचा (राष्ट्रीय विषाणू संस्थेचा) अभ्यास २०२१ मध्ये आला, त्याची बातमीही कोणीतरी ग्रुपवर टाकली. कडुलिंब तोडा, असा आग्रह सुरू झाला. कडुलिंबावर लिंबोळ्या खायला येणारी फळाहारी वटवाघळं रात्री झाडावर येतात आणि जातात, घरातल्या वटवाघळांशी त्यांचा संबंध नव्हता. झाडाखाली पडलेली अर्धवट कुरतडलेली फळं लेकरांनी खायची नाहीत, एवढी खबरदारी पुरेशी होती. झाड वाचलं ते मुख्यतः आजींमुळे.

खरा पुरावा कपाटाच्या माथ्यावर होता. तिथे तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या होत्या, घरचे त्या उंदराच्या समजून झाडून टाकत होते. फरक ओळखायला सोपा आहे: हातमोजा घालून लेंडी चिमटीत दाबायची. उंदराची कडक असते. किडे खाणाऱ्या वटवाघळाची भुगा होते आणि भुग्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे तुकडे दिसतात. कपाटाच्या बरोबर वर तुळई आणि फळी यांच्यामध्ये बोटभर फट होती. फळ्या वाळून आकसल्या होत्या.

मग दोन संध्याकाळी मोजणी केली. घराच्या पुढे एक माणूस, मागे एक, पावणेसातपासून पावणेआठपर्यंत. जुलैच्या सुरुवातीला परभणीकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. पहिलं वटवाघूळ सव्वासातला निघालं, शेवटचं साडेसातनंतर. सगळी मागच्या बाजूने, जुनी भिंत आणि स्लॅब यांच्यामधल्या पत्र्याखालून, दोन ठिकाणांहून. पहिल्या दिवशी २३, दुसऱ्या दिवशी २१. दोन्ही जागी भिंतीवर तेलकट काळपट डाग आणि खाली लेंड्यांची रांग होती. दिवसा हे डाग डोळ्यांसमोर होते, पण तिकडे वर बघायचं कारण कोणाला पडलं नव्हतं.

आत येण्याचं कारणही आता जुळलं. दुपारी पत्रा तापला की वटवाघळं माळवदाच्या फळ्यांत, थंडाव्याकडे सरकत होती. त्यात नुकती उडायला लागलेली पिल्लं होती. बाहेरच्या फटीऐवजी आतली फट धरली की पिल्लू थेट खोलीत.

पर्याय

सुचवलेल्या उपायांची यादी लांब होती, आणि त्यातले बहुतेक वाईट होते.

डांबरगोळ्या फळ्यांत कोंबायच्या. वास बसेल एवढ्या गोळ्या टाकल्या तर ती वाफ खाली झोपणाऱ्या माणसांच्याही छातीत जाते. वटवाघळं दोन दिवस सरकतात आणि परत येतात. गंधक जाळायचा: सागवानी तुळया आणि जुनी माती, आगीचा धोका, शिवाय आत मेलेल्या जनावरांचा वास महिनाभर. कीटकनाशक मारायचं: विष लागलेलं वटवाघूळ बाहेर जाण्याऐवजी खोलीत जमिनीवर पडतं, म्हणजे पुन्हा लेकराच्या हाताशी. ऑनलाइन मिळणारं आवाजाचं यंत्र एका शेजाऱ्याकडे होतं. त्याच्या घरातली वटवाघळं त्या यंत्रावरच लटकत होती, यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही.

मारून टाकण्याबद्दल कायद्याचा मुद्दाही निघाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची वेगळी अनुसूची होती आणि तिच्यात फळं खाणारी वटवाघळं होती. 'वटवाघूळ मारलं तरी चालतं' हा समज तिथून आला. ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीत काढून टाकली गेली.

गवंड्याने सुचवलेला पर्याय सगळ्यांना पटण्यासारखा होता: दुपारी पत्र्याखालची फट सिमेंटने बुजवा, विषय संपला. खरं तर हाच सगळ्यात धोक्याचा. दुपारी सगळी वटवाघळं आत असतात. बाहेरची वाट बंद झाली की ती दुसरी वाट शोधतात, आणि दुसरी वाट एकच होती, खोलीत उघडणारी. रात्री ती बाहेर गेल्यावर बुजवलं तर न उडणारी पिल्लं आत राहतात, मरतात आणि माद्या रात्रभर भिंतीवर आपटत राहतात.

काहीच न करणं हाही पर्याय होता, आणि गंभीरपणे विचार करण्यासारखा. ही वटवाघळं रोज रात्री डास, वाळव्या आणि पिकावरचे पतंग खातात. फट फक्त बाहेर उघडत असती, तर तिला हात लावू नका असंच सांगितलं असतं. पण खाली चार वर्षांचं मूल झोपतं आणि छताला फट आहे, हे दोन्ही एकत्र चालणार नव्हतं.

ठरलं ते असं: आतल्या फटी लगेच बंद, बाहेरच्या फटी उघड्याच ठेवायच्या, आणि पिल्लं मोठी झाल्यावर एकतर्फी वाट करून सगळ्यांना बाहेर काढायचं. तोवर मुलाचं अंथरूण मागच्या स्लॅबच्या खोलीत.

केलेलं काम

आतल्या फटी बुजवायला एक संध्याकाळ लागली. वटवाघळं बाहेर पडल्यावर, आठनंतर, शिडी लावून तुळई आणि फळीमधल्या फटीत आधी सुती दोरी ठासली आणि वरून चुना-वाळूचा गिलावा भरला. फट दीड सेंटिमीटरची असली तरी लहान वटवाघळाला पुरते, त्यामुळे अंगठा शिरेल अशी प्रत्येक जागा धरली. एक जागा सुटली: धूर निघायचं जुनं सानं. त्याला वरून फरशी होती पण बाजूने उघडं होतं. तिथून आठवड्याने आणखी एक पिल्लू खोलीत आलं. यावेळी मधलं दार लावलं, पंखा आणि दिवा बंद केला, खिडकीची जाळी काढली आणि ते पंधरा मिनिटांच्या आत गेलं. दुसऱ्या दिवशी सान्याला सहा मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड जाळी बसवली.

बाहेरच्या कामासाठी थांबावं लागलं. किती, हे कॅलेंडरवरून ठरवता येत नाही. आपल्याकडच्या लहान वटवाघळांची पिल्लं वर्षात एकापेक्षा जास्त वेळा होऊ शकतात. म्हणून खूण बघायची: माद्या बाहेर गेल्यावर अर्ध्या तासाने फटीत बॅटरी मारायची. आत उघडी, गुलाबी किंवा करडी पिल्लं लटकलेली दिसली, किंवा बारीक चिवचिव ऐकू आली, तर थांबायचं. इथे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सलग तीन रात्री आत काहीच दिसलं नाही.

पत्र्याखालची अडीच मीटरची फट दिवसा न छेडता, रात्री, ये-जा असलेल्या दोन जागा सोडून बुजवली. त्या दोन जागी बारीक नायलॉनची जाळी लावली, भोकं सहा मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत, नाहीतर पंखाचा अंगठा अडकतो. जाळी वरून आणि दोन्ही बाजूंनी लाकडी पट्टीने घट्ट, खालची बाजू मोकळी, फटीच्या खाली अर्धा मीटर लोंबती. वटवाघूळ फटीतून निघतं, जाळी आणि भिंत यांच्यामधून खाली सरकतं आणि सुटतं. परतताना ते थेट जुन्या फटीकडे येतं, जाळीवर आदळतं, पण खालून वर चढायचं त्याला सुचत नाही. जाळी ताणून लावली तर ते बाहेरच पडू शकत नाही, फार ढिली सोडली तर वाऱ्याने गुंडाळून वाट बंद होते. खालच्या कडेला दोन ठिकाणी लहान नट बांधून वजन दिलं.

मोजणी रोज चालू ठेवली. पहिल्या रात्री १७ निघाली, दुसऱ्या रात्री ४. तिसऱ्या रात्री जोराचा पाऊस झाला आणि एकही निघालं नाही. हा शून्य मोजायचा नाही, कारण मुसळधार पावसात ती बाहेरच पडत नाहीत. घरधनी दुसऱ्याच दिवशी फट बुजवायला निघाले होते, सर्पमित्राने थांबवलं. चौथ्या रात्री आणखी २ निघाली. पाचव्या आणि सहाव्या कोरड्या रात्री शून्य, तेव्हा जाळी काढून फट बुजवली.

बुजवताना गवंड्याने सिमेंट काढलं होतं. मातीच्या भिंतीला सिमेंट धरत नाही. भिंत पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, सिमेंट तसंच राहतं आणि दोन वर्षांत त्याच कडेने पुन्हा भेग पडते. म्हणून आधी गॅल्व्हनाइज्ड जाळीची पट्टी खिळ्यांनी बसवून वर एकास तीन प्रमाणात चुना आणि वाळू.

शेवटी लेंड्या. पत्र्याखालून आणि फळ्यांवरून घमेलंभर निघाल्या. कोरड्या लेंड्या केरसुणीने झाडल्या की धूळ उडते आणि तिच्यातल्या बुरशीचे बीजाणू फुप्फुसात जाऊ शकतात. एन-९५ मास्क आणि हातमोजे घातले, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी पंपाने हलकं फवारलं, दहा मिनिटं भिजू दिलं, मग थापीने खरवडून दुहेरी पिशवीत भरून परसात खड्डा करून पुरलं. जोराची पिचकारी मारली तरी धूळ उडतेच, फवारा दवासारखा हवा.

परिणाम

मुलाचे चारही डोस वेळेवर झाले, त्याला काही त्रास झाला नाही. पुढच्या पावसाळ्यात घराच्या आत एकही वटवाघूळ आलं नाही. पत्र्याखालचा चुना एका जागी सुटला होता, तो जूनमध्ये माळवदावर नवी पांढरी माती टाकताना पुन्हा भरला.

कडुलिंबावर चार मीटर उंचीवर लाकडी पेटी लावली होती, आत दोन सेंटिमीटरची फट, लाकडाला रंग किंवा पॉलिश नाही. वटवाघळं तिच्यात गेली नाहीत. बहुधा ती शेजारच्या पडक्या वाड्यात गेली, तिथे संध्याकाळी आता जास्त दिसतात. पेटीत सध्या गांधीलमाशा आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या रात्री अकरा वाजता 'गेलं असेल' हे गृहीत धरलं, सगळा महाग भाग तिथून सुरू झाला. जाताना पाहिलं नसेल तर ते आत आहे असंच धरायचं, आणि त्या खोलीत कोणी झोपायचं नाही, निदान लेकरांनी तरी नाही. दार लावून, दाराखाली चादर दाबून, खिडकी उघडी ठेवून रात्र जाऊ द्यायची. सकाळी पडद्यांच्या घड्या, कपाटामागची जागा, फोटोंच्या चौकटींमागची जागा आणि टांगलेले कपडे बॅटरीने तपासायचे.

जखम धुण्याला उशीर झाला नसता तर बरं होतं. डॉक्टर लस देतील की नाही याचा वाद नंतर होतो, साबण आणि पंधरा मिनिटांचं पाणी घरातच असतं आणि कोणत्याही निर्णयात ते लागतंच. हळद, चुना, मिरची काही नाही.

दवाखान्यात जाताना माहिती लिहून नेली असती तर दोन डॉक्टरांच्या मतांतला फरक कदाचित पहिल्याच खेपेला मिटला असता. पहिल्या डॉक्टरांना 'घरात वटवाघूळ आलं होतं' एवढंच सांगितलं गेलं, बोटांत धरल्याचं आणि ओरखड्याचं नाही. कोणी, कशाने, किती वेळ, कातडीला लागलं का, रक्त किंवा ओरखडा आहे का, जनावर उडत होतं की जमिनीवर होतं: एवढं कागदावर हवं, सोबत ओरखड्याचा फोटो, हळद लावायच्या आधीचा.

कपाटावरच्या लेंड्या किमान महिनाभर झाडल्या जात होत्या. उन्हाळ्यातच एक चिमटीत दाबून पाहिली असती तर पिल्लं उडायला लागण्याआधीच आतली फट बुजली असती. माळवदाच्या घरात पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायला माणूस वर चढतोच. त्याच दिवशी खाली खोलीत दिवे बंद करून फळ्यांमधून उजेड कुठे येतो हे बघून घ्यावं आणि पत्र्याच्या कडेने खाली काळे डाग आहेत का तेही. डाग दिसले तर त्या दिवशी बाहेरून काही बुजवायचं नाही, फक्त आतून.